केंद्रातून पन्नास वॉट निघतात, तांड्यावर किती पोचतात?

बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका तालुक्यात हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. नाव देत नाही. ज्या चुका पुढे येणार आहेत त्या तिथल्या माणसांनी केलेल्या नाहीत, त्यांच्या वाट्याला आल्या. आणि अशाच चुका मी दुसऱ्या टॉवरांवरही पाहिल्या आहेत.

केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन जानेवारीत आला, तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. "सर, तीनशे वॉटच्या ट्रान्समीटरचं कोटेशन आलंय. देणगीदार तयार आहेत. तुम्ही फक्त एकदा बघून हो म्हणा."

मी विचारलं, "अडचण काय आहे?"

"चार किलोमीटरपर्यंत छान ऐकू येतं. पुढं खरखर. डोंगराच्या पलीकडं तांडा आहे ना, तिथं तर काहीच नाही. तिथल्या बायकांची गाणी आम्ही रेकॉर्ड करून लावली. परवा त्यातल्या एक मावशी भेटल्या. म्हणाल्या, आमचा आवाज तुमच्याकडं वाजतो, आमच्याकडं वाजत नाही."

हे वाक्य ऐकून मी हो किंवा नाही म्हणायचं टाळलं आणि दुसऱ्या आठवड्यात गेलो.

आधी कागद

तिथे पोचल्यावर टॉवरकडे न जाता आधी परवान्याची फाइल मागितली. ताईंना ते आवडलं नसावं, पण पल्ल्याचा प्रश्न आला की पहिली मर्यादा कागदावर असते, निसर्गाची त्यानंतर.

आपल्याकडे २००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली. त्याच्या मुळाशी ९ फेब्रुवारी १९९५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या त्या निकालात हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. सार्वजनिक म्हणजे आपलीही आणि शेजाऱ्याचीही. म्हणून २००६च्या धोरणात या केंद्रांना सर्वसाधारणपणे १०० वॉट ईआरपीची मर्यादा घातली गेली. अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि किमान १५ मीटर उंच असावी, अशीही अट आहे. अपेक्षित पल्ला ५ ते १० किलोमीटर.

ईआरपी हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. ट्रान्समीटरच्या डब्यावर लिहिलेले वॉट म्हणजे ईआरपी नव्हे. डब्यातून निघालेली शक्ती, वजा केबलमध्ये गेलेली, आणि मग अँटेना ती आडव्या दिशेला जितकी एकवटते तितक्या पटीत वाढलेली, असा तो हिशेब आहे. सरकार डबा मोजत नाही, अँटेनातून क्षितिजाकडे काय जातं ते मोजतं. श्रोत्यालाही तेवढंच मिळतं.

केंद्राचा ट्रान्समीटर ५० वॉटचा, फ्रिक्वेन्सी ९०.४ मेगाहर्ट्झ, अँटेना म्हणजे एकावर एक लावलेले दोन उभे डायपोल, म्हणजे दोन-दोन दांड्यांच्या साध्या अँटेना. अशा जोडीला एका डायपोलच्या मानाने साधारण ३ डीबी, म्हणजे दुप्पट लाभ मिळतो. (डीबी म्हणजे डेसिबल, शक्ती किती पट वाढली वा घटली ते सांगणारं माप; दर ३ डीबीला दुप्पट किंवा निम्मी.) केबलमध्ये थोडंफार गेलं तरी ईआरपी ७०-८० वॉट असायला हवी होती. एवढ्यात मोकळ्या माळावर सात-आठ किलोमीटर सहज व्हायला हवेत. इथे चारमध्येच संपत होतं. म्हणजे उरलेले वॉट वाटेत कुठेतरी सांडत होते. गळकी घागर भरण्यासाठी मोठी मोटर आणून काय होणार?

मोटारसायकलवरचे दोन दिवस

कुठल्याही नटाला पाना लावण्याआधी आम्ही तालुका फिरलो. केंद्रातला एक तरुण निवेदक मोटारसायकल चालवायला, मागे मी. एकच रेडिओ संच, एकच मोबाइल, एकच इअरफोन. बत्तीस ठिकाणं ठरवली: देवळाचा पार, शाळेचं पटांगण, किराणा दुकान, विहिरीची धाव. प्रत्येक ठिकाणी संच छातीच्या उंचीवर धरायचा, अँटेना उभी, आणि पाचपैकी गुण द्यायचे. पाच म्हणजे स्वच्छ, तीन म्हणजे खरखर आहे पण बोलणं कळतं, शून्य म्हणजे नुसता फसफसाट. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायरच अँटेना असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वायर गुंडाळून खिशात ठेवली की अर्धा पल्ला तिथेच जातो. म्हणून तीही प्रत्येक ठिकाणी सारखीच लोंबती ठेवली.

ही साधी पद्धत आहे आणि महागड्या फील्ड मीटरची बरोबरी ती करत नाही. पण आधी आणि नंतर सारख्याच रीतीने केली तर तिच्यातून खूप कळतं.

संध्याकाळी नकाशावर गुण मांडले. चित्र गोल आलं नाही. भाकरीचा एका बाजूने मोठा तुकडा मोडून घ्यावा तसा नैर्ऋत्येचा भाग गायब होता. त्या बाजूला डोंगर नाही, सपाट काळी जमीन आहे, तरी दोन किलोमीटरवरच खरखर सुरू होत होती. उलट ईशान्येला एका वाडीत साडेपाच किलोमीटरवर चार गुण मिळाले. एका बाजूला सपाटीवरही आवाज नसेल तर दोष अँटेनात किंवा तिच्या बसवण्यात शोधायचा असतो.

एका किराणा दुकानात वेगळंच दिसलं. दुकानाबाहेर चार गुण, आत शिरलं की एक. मी दुकानदारांना विचारून वरचा एलईडी दिवा बंद केला. खरखर एकदम खाली बसली. पुन्हा लावला, पुन्हा खरखर. स्वस्त दिव्यातला वीजपुरवठ्याचा छोटा सर्किट बोर्ड एफएम पट्ट्यात गोंगाट ओततो, आणि संकेत कमकुवत असला की तोच जिंकतो. दुकानदार म्हणाले, "अन् आम्ही इतके दिवस रेडिओलाच शिव्या देतोय." असे गोंगाट सोलर चार्ज कंट्रोलर आणि मोबाइलच्या चार्जरमधूनही येतात. ते आपण बंद करू शकत नाही. आपला संकेत त्यांच्या वर नेणं एवढंच आपल्या हाती असतं.

१.३चा आकडा आणि त्याने घातलेली भूल

ट्रान्समीटरच्या पडद्यावर एसडब्ल्यूआर १.३ दिसत होता. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते, ते या आकड्यावरून कळतं. १ म्हणजे काहीच परत येत नाही, १.५ला सुमारे ४ टक्के येते, २ला ११ टक्के, ३ला २५ टक्के. १.३ म्हणजे उत्तम. दर सहा महिन्यांनी येणारा तंत्रज्ञ हा आकडा बघायचा, वहीत "ओके" लिहायचा आणि जायचा. वहीत तीन वर्षांचे ओके आहेत.

मला तो आकडा खटकला, कारण अँटेना टॉवरच्या उभ्या लोखंडी पायाला इतकी चिकटून होती की १.३ येणं अवघड होतं.

आम्ही ट्रान्समीटर बंद केला. टॉवरवाले मामा पट्टा-हेल्मेट घालून वर चढले, अँटेनापाशी केबल सोडली आणि ती खाली उतरवली. ट्रान्समीटर चालू असताना कुणी टॉवरवर चढायचं नाही, हा नियम मी कुठेही शिथिल करत नाही. मग थेट ट्रान्समीटरच्या तोंडाला वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा भार) जोडून मोजलं: ४८ वॉट. डबा ठणठणीत. आता मधे ती ४२ मीटर केबल घातली आणि दुसऱ्या टोकाला मोजलं.

१३ वॉट.

ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मीटरची काच पुसली आणि पुन्हा वाकून बघितलं.

केबल आरजी-२१३ जातीची होती. ९० मेगाहर्ट्झला ती १०० मीटरमागे साधारण साडेसहा डीबी खाते, म्हणजे ४२ मीटरला २.७. धडधाकट केबल असती तरी ४८मधले २५-२६ वॉटच वर पोचले असते. हीच मुळात चुकीची निवड. त्यावर आणखी अर्धी शक्ती गेली कुठे? मामांनी वरच्या टोकाचा कनेक्टर कापला. आतली तांब्याची जाळी, जी लालसर चकाकायला हवी, ती हिरवट-काळी पडली होती. बोटाने चोळली तर भुकटी निघाली. पाव मीटर कापलं, तरी काळी. अर्धा मीटर कापलं तेव्हा कुठे रंग थोडा उजळला. कनेक्टरवर साधी विजेची काळी टेप गुंडाळली होती, उन्हाने ती सुकून सुटली, आणि तीन पावसाळ्यांचं पाणी जाळीतून आत उतरत गेलं. पावसाळ्यात आवाज आणखी बसतो असं गावकरी सांगत होते, ते खरं होतं.

आता त्या १.३ची गोष्ट. अँटेनावर आदळून परत येणारी शक्तीही त्याच केबलमधून खाली येते. जाताना केबल ५.७ डीबी खाते, येताना पुन्हा ५.७. परतीचा प्रवाह खाली मीटरपर्यंत येतो तेव्हा तो इतका क्षीण झालेला असतो की मीटरला वाटतं, परत काही आलंच नाही. अँटेनाच्या तोंडाशी मोजलं तेव्हा खरा एसडब्ल्यूआर २.६ निघाला. म्हणजे वर पोचलेल्या १३ वॉटमधलेही जवळजवळ २० टक्के अँटेना घेत नव्हती. हवेत जात होते फार तर दहा.

सडलेली केबल खालचा एसडब्ल्यूआर नेहमी चांगलाच दाखवते. शेवटाला अँटेनाच नसलेली, पुरेशी लांब आणि पुरेशी खराब केबलही खाली झकास आकडा देईल. देखभालीची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे पक्कं लक्षात ठेवावं म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे. खालचा एक आकडा पुरेसा नाही. वर्षातून एकदा तरी वरच्या टोकाला मोजलं पाहिजे.

अँटेनाची लांबी, जागा आणि उंची

अँटेना खाली आणून डायपोलच्या दांड्या टेपने मोजल्या. एकेक दांडी ७२ सेंटीमीटर. ९०.४ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३.३२ मीटर लांब असते, तिचा पाव भाग ८३ सेंटीमीटर, आणि धातूच्या दांडीच्या जाडीमुळे त्यातले पाचेक टक्के कमी करायचे. म्हणजे दांडी साधारण ७९ हवी. ७२च्या दांड्या ९९ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळतात. पट्ट्याच्या मधोमध जुळवलेली तयार अँटेना आणली गेली आणि कुणी ती या केंद्रासाठी लांबवलीच नाही. दांड्यांच्या टोकाला सरकवायची सोय होती. दोन स्क्रू ढिले करून, दांडी ओढून, पुन्हा आवळायचं इतकंच काम होतं.

दुसरी गोष्ट जागेची. डायपोल टॉवरच्या पायापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर, ईशान्येच्या अंगाला बसवले होते. लोखंडी टॉवर स्वतः एक मोठा परावर्तक असतो. इतक्या जवळ असला की तो अँटेनाचा मेळ बिघडवतो आणि आपल्या पाठीमागे सावली पाडतो. भाकरीचा मोडलेला तुकडा तो हाच, बरोबर टॉवरच्या पाठीचा.

आणि तिसरी, उंचीची. परवान्यात ३० मीटरपर्यंत मुभा, टॉवरही तेवढा. अँटेनाचा मध्य मात्र १७ मीटरवर. का, तर कुणी म्हणालं त्या दिवशी वर वारा होता, कुणी म्हणालं केबल पुरली नाही. पण टॉवरच्या पायथ्याशी अकरा मीटर केबल वेटोळं करून तारेने बांधून ठेवलेली होती. ती केबल पुरली असती. वेटोळ्यातही वॉट जळत होतेच.

उंचीचं महत्त्व सांगताना लोक पृथ्वीच्या गोलाईचा दाखला देतात. गोलाईचा हिशेब सोपा आहे: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या, ४.१२ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. १७ मीटरलाही ते १७ किलोमीटरवर येतं. म्हणजे इथे गोलाई आड येत नव्हतीच. आड येत होती जमीन. अँटेनातून निघालेली लहर दोन वाटांनी कानाशी येते, एक सरळ आणि एक जमिनीवर आपटून. दूरवर या दोन्ही वाटांची लांबी जवळजवळ सारखी होते, आणि आपटलेली लहर उलटी होऊन येत असल्याने दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. मोकळ्या अवकाशात १०० वॉट ईआरपीपासून १० किलोमीटरवर संकेताची तीव्रता मीटरमागे सुमारे ७ मिलिव्होल्ट मिळेल. ग्रामीण भागात मोनो प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ०.२५ मिलिव्होल्टची, तीही १० मीटर उंचीवर. म्हणजे हिशेबाने अठ्ठावीस पट जास्त. तरी ऐकू येत नाही, कारण जमीन ते सगळं परत घेते.

सपाट जमिनीवर या भांडणाचा नियम असा निघतो: अंतर दुप्पट झालं की संकेत १२ डीबीने, म्हणजे सोळा पटीने घसरतो. पण अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डीबी, म्हणजे चौपट परत मिळतो. केवळ वॉटच्या जोरावर पल्ला दुप्पट करायचा तर सोळापट वॉट लागतील. पन्नासचे आठशे.

काय केलं

जुनी केबल फेकली. अर्ध्या इंचाची फोमवाली, सलग तांब्याच्या नळीचं आवरण असलेली फीडर केबल आणली. ती १०० मीटरमागे दोन-सव्वादोन डीबी खाते, जाळीऐवजी सलग नळी असल्याने पाण्याला वाट कमी. ५० मीटर लागली. कनेक्टरवर आधी ताणून गुंडाळली की एकजीव होणारी रबरी टेप, वर विजेची टेप, आणि प्रत्येक वळणाच्या खाली पाणी गळून जावं म्हणून झोळ. टॉवरला वर आणि खाली दोन ठिकाणी केबलचं अर्थिंग. या टेपच्या कामाला मामांनी अर्धा दिवस घेतला. मी घाई करू दिली नाही, त्यांनाही करायची नव्हती.

दांड्या ७९वर आणल्या. डायपोल टॉवरपासून सव्वा मीटर दूर आडव्या बूमवर घेतले, आणि मोकळी बाजू जिकडे जास्त वाड्या आहेत तिकडे वळवली. अँटेनाचा मध्य २८ मीटरवर, वरचं टोकही ३० मीटरच्या आत.

पुन्हा मोजलं. वरच्या टोकाला ३७ वॉट, एसडब्ल्यूआर १.२, तोही वरच मोजलेला. हवेत जाणारी शक्ती दहावरून सदतीसवर. हे झाले साडेपाच डीबी. उंचीचे आणखी सव्वाचार. एकूण पावणेदहा डीबी, म्हणजे साडेनऊ पट. जुनीच केबल, जुनीच उंची ठेवून हाच फरक ट्रान्समीटर बदलून मिळवायचा असता तर साडेचारशे वॉटचा डबा लागला असता. कोटेशन तीनशेचं होतं.

आणि कायद्याचं काय? ३७ वॉटला दुपटीचा लाभ धरला तर ईआरपी ७४ वॉट, मर्यादेच्या आत. तीनशेचा डबा या सुधारलेल्या केबलला लावला असता तर ईआरपी साडेचारशेच्या वर गेली असती, मर्यादेच्या साडेचारपट. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा पट्टा सुरू होतो. बेसुमार वाढवलेल्या, फिल्टर नसलेल्या ट्रान्समीटरची घाण तिथे सांडू शकते. इंटरनेटवर "रेंज बूस्टर" म्हणून विकले जाणारे जोडकाम केलेले ॲम्प्लिफायर म्हणूनच कुणी लावू नयेत. परवान्याबाहेर जाणं हा गुन्हा आहेच, आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळही आहे.

आवाजाच्या बाजूला दोन छोटी कामं केली. ट्रान्समीटर स्टिरिओवर होता, कार्यक्रम सगळे एका माइकचे. स्टिरिओसाठी १९ किलोहर्ट्झचा पायलट आणि ३८च्या आसपासचा जादा संकेत पाठवावा लागतो, आणि एफएममध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला गोंगाट जास्त असतो. त्यामुळे कमकुवत संकेतावर स्टिरिओ मोनोपेक्षा सुमारे २० डीबी जास्त खरखरतो. मोनो केला. साध्या एका स्पीकरच्या संचांना याने फरक पडत नाही, इअरफोनवाल्यांना पडतो. शिवाय निवेदकांचा आवाज इतका हळू जात होता की डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी जितकी मागेपुढे हलते ते, कसंबसं ३५ ते ४० किलोहर्ट्झ व्हायचं, मुभा ७५ची. मिक्सर आणि लिमिटर नीट लावून ते मुभेच्या आत पण जवळ आणलं. डेव्हिएशन दुप्पट म्हणजे आवाज खरखरीपेक्षा ६ डीबीने वर. याला एक पैसाही लागला नाही.

डोंगर

पुन्हा तेच दोन दिवस, तीच मोटारसायकल, तीच बत्तीस ठिकाणं. स्वच्छ ऐकू येण्याची हद्द चारवरून सातच्या आसपास गेली. नैर्ऋत्येचा तुकडा भरून आला. किराणा दुकानात दिवा लावूनही बातम्या कळत होत्या.

तांड्यावर मात्र छातीच्या उंचीवर एकच गुण. पूर्वी शून्य होता.

तांडा केंद्रापासून सहा किलोमीटरवर, आणि मधे, तांड्याच्या एक किलोमीटर अलीकडे, डोंगराची धार. नकाशावरच्या उंच-सखल रेषांवरून टॉवर ते तांडा अशी सरळ रेघ ओढली तर धार त्या रेघेच्या साठेक मीटर वर येते. एफएमची लहर धारेवरून थोडी वाकून खाली उतरते, म्हणून डोंगरामागे पूर्ण अंधार नसतो. पण या मापांना वाकण्याची किंमत सुमारे १७ डीबी होते. पन्नास पट. ती वॉटने भरायची तर ३७ऐवजी जवळपास दोन हजार वॉट वर पाठवावे लागतील, एका तांड्यासाठी. ताईंना मी हा हिशेब कागदावर करून दाखवला. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीनशेवालं घेतलं असतं, तरी मावशींना ऐकू आलं नसतं."

नसतं आलं.

जी युक्ती टॉवरवर चालते तीच श्रोत्याच्या दारातही चालते. उंचीचा नियम दोन्ही टोकांना सारखाच लागू आहे. छातीच्या दीड मीटरवरून अँटेना सहा मीटरवर नेली तर हिशेबाने १२ डीबी मिळतात. डोंगरामागच्या वाकड्यातिकड्या जमिनीत तेवढे पुरते मिळतीलच असं नाही, पण वरच्या हवेत काहीतरी जास्त असतंच. आम्ही तांड्यावरच्या अंगणवाडीच्या भिंतीला एक लांब बांबू बांधला. टोकाला ७९-७९ सेंटीमीटरच्या ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, एक वर, एक खाली, मधोमध टीव्हीची केबल जोडलेली. नळ्या उभ्याच ठेवायच्या, कारण केंद्राची लहर उभी आहे. आडव्या ठेवल्या तर मिळकत खूप घटते, आणि जुन्या टीव्ही अँटेनाच्या सवयीने लोक आडव्याच बांधतात. केबल आत आणून एका जुन्या, बाहेरच्या अँटेनाची खाच असलेल्या संचाला दिली.

पहिल्यांदा लावला तेव्हा खरखर होती. बांबू भिंतीपासून हातभर डावीकडे सरकवला. डोंगरामागे लहर खडकांवर आपटून अनेक वाटांनी येते, त्यामुळे एक-दीड मीटरवर जागा बदलली की फरक पडतो. तिसऱ्या जागेला आवाज उघडला. चार गुण.

लोक तेव्हा कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले होते, तांड्यात म्हाताऱ्या आणि लहान मुलंच होती. कोयते परतले ते एप्रिलच्या सुरुवातीला. त्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी ताईंनी ती लमाणी गाणी पुन्हा लावली. मी केंद्रावर नव्हतो, अंगणवाडीच्या ओसरीवर बसलो होतो. गाणं सुरू झालं तेव्हा ताईंना भेटलेल्या त्या मावशी चुलीपाशी होत्या. त्या भाकरी तव्यावर टाकून तशाच उठल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या बाईला कोपराने ढोसून म्हणाल्या, "ही तूच गं, चुकलीस बघ इथं." दोघी हसल्या. भाकरी करपली.

अजून राहिलेलं

बत्तीसपैकी तीन ठिकाणी अजून शून्य आहे. तिन्ही डोंगराच्या घळीतल्या वस्त्या आहेत आणि तिथे बांबूनेही भागलं नाही. यावर खरा उपाय टॉवरच उचलून धारेवर नेण्याचा. तिथून दोन्ही खोरी दिसतात. पण परवाना ठरावीक अक्षांश-रेखांशाला दिलेला असतो. जागा बदलायची तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडे पुन्हा जावं लागतं, विमानवाहतुकीसह सगळ्या अंगांनी जागा तपासली जाते. वर रस्ता नाही, वीज लांब आहे, आणि त्या धारेवर वीज पडण्याचा धोका खालच्यापेक्षा कितीतरी जास्त. ताईंनी तरीही अर्जाची तयारी सुरू केली आहे. देणगीदारांनी ट्रान्समीटरसाठी ठेवलेल्या पैशांतून केबल, टेप, कनेक्टर आणि टॉवरवाल्या मामांची मजुरी जाऊन जे उरलं, ते त्यासाठी बाजूला ठेवलं आहे.

केंद्राच्या वहीत आता "ओके" लिहायला बंदी आहे. दर सोमवारी सकाळी सहाचं प्रसारण सुरू झालं की तो मोटारसायकलवाला निवेदक जाणारे वॉट, परत येणारे वॉट, डेव्हिएशन आणि आदल्या रात्री पाऊस झाला की नाही, एवढं लिहितो. दिवाळीनंतर मामा पुन्हा वर चढून अँटेनाच्या तोंडाशी मोजणार आहेत. मृगाच्या पहिल्या पावसानंतरच्या सोमवारी त्या निवेदकाने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जाणारे ४८, परत येणारे अर्ध्या वॉटच्या आत. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: रात्रभर पाऊस, तांड्यावर फोन करून विचारलं, चार गुण.